मुदतबाई

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या बाजूला, औषधभांडार आहे. तिथे एकोणीस वर्षं काम करणाऱ्या बाईंना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘मुदतबाई’. हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. वॉर्डातलं कुणी घाईघाईने खोका उचलून निघालं की मागून आवाज येतो, “मुदत बघितली का?” उचलणारा मुकाट्याने खोका फिरवून तारीख वाचतो. वाचल्याशिवाय दाराबाहेर पडता येत नाही.

त्यांची सगळी पद्धत एका वाक्यात मावते : जे आधी संपणार, ते आधी बाहेर. महिन्याभरात संपणाऱ्या मालाला पिवळी चिठ्ठी, आठवड्यात संपणाऱ्याला लाल, बाकी सगळ्याला हिरवी. नोंद एकदाच करायची, पण डोळ्यांत तेल घालून करायची. एकदा नीट केलेली नोंद पुन्हा तपासत बसणाऱ्याचा स्वतःवर विश्वास नसतो, असं त्या म्हणत.

या पद्धतीच्या जोरावर बाईंनी दोन साहेब घडवले. दोघेही पदव्युत्तर पदवी घेऊन वरून आले. दोघांनाही औषधाच्या खोक्यावरची तारीख कशी वाचायची ते बाईंनीच शिकवलं. दुसरे साहेब साडेचार वर्षांनी निवृत्त होणार होते, आणि त्या जागेवर बसायला पदवी लागते, असा नियम होता. तिसरा साहेब घडवायची बाईंची तयारी नव्हती. म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांनी पुरवठा व्यवस्थापनाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पण चार वर्षांत संपवायची सवलत होती. बाईंनी चारही वर्षं वापरली. मध्ये नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलीची बारावी झाली, एक अख्खं सत्र भांडाराच्या स्थलांतरात गेलं. सोळा विषय मात्र एकेक करून सुटले. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या. प्रत्येक स्वाध्यायाची एक चिठ्ठी, भांडारासारखीच, पिवळी, लाल, हिरवी. सकाळी डबा भरताना त्या दार उघडत, नजर टाकत आणि दार लावत.

“डबे ठेवायचं कपाट की औषधांचं?” सासूबाई विचारत.

“दोन्ही, आई.”

सासूबाई कोर्टात टंकलेखिका होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी बोटं स्वस्थ नसत, टेबलावर वाजत राहत. सुनेच्या शिक्षणाला त्यांनी कधी विरोध केला नाही, पण कौतुकही केलं नाही. “शिक बाई. लेक तिकडे वसतिगृहात, तू इकडे वर्गात. मीच तेवढी नापास,” असं काहीतरी बोलून त्या आपल्या खोलीत जात.

आता दारावर एकच चिठ्ठी उरली होती. लाल. ऑगस्टमध्ये हिरव्या चिठ्ठीवर लिहिलेलंच बाईंनी तिच्यावर उतरवलं होतं : ‘प्रकल्प अहवाल – ११/२६’. विद्यापीठाच्या नव्या संकेतस्थळावर जसं होतं तसं, आकड्याला आकडा. अहवालाची चार प्रकरणं घरच्या संगणकावर तयार होती. पाचवं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत भांडाराच्या एका बाद नोंदवहीत हाताने लिहून काढलं होतं. सत्तावीस ते तीस नोव्हेंबर अशी चार दिवसांची रजा मंजूर होती. त्यात पाचवं प्रकरण टंकायचं, सगळं एकदा वाचायचं आणि तीस तारखेला पाठवून द्यायचं, असा बेत होता. हा अहवाल गेला नाही तर चार वर्षांची सवलत संपणार आणि सुटलेले सोळाही विषय बाद होणार होते. ही शेवटची गोष्ट त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

सव्वीस तारखेला, गुरुवारी, भांडाराची वार्षिक मोजणी होती.

मोजणीला आरोग्य खात्याचे तपासनीस आले होते. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं, म्हणून सगळीकडे त्यांचं नाव ‘भिंग’ पडलेलं. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मोजणीच्या दिवशी भांडाराचं दार बंद असतं, आणि जिच्या नावावर किल्ली तिला मोजणी पुरी होईपर्यंत इमारत सोडता येत नाही. ती गेली तर भांडाराला सील, आणि वरच्या वॉर्डांना औषध बंद.

साडेअकराच्या सुमाराला भिंगसाहेबांनी एक खोका उचलला. कडेला छापलं होतं : ११/२६.

“बाई, आज सव्वीस तारीख. हे उद्या चालेल?”

“चालेल, साहेब. ते महिना आणि साल आहे. नोव्हेंबर, सव्वीस साल. महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. तीस तारखेपर्यंत बिनदिक्कत.”

“नक्की?”

“एकोणीस वर्षं हेच करतेय, साहेब.”

“ठीक. मागच्या ठिकाणी दोघं चुकले,” असं म्हणून त्यांनी खोका जागेवर ठेवला. शिडीवर उभे असलेले हमालदादा बाईंकडे बघून गालातल्या गालात हसले. बाईंची मान जरा ताठ झाली.

पुरती अर्धी घटकाही गेली नसेल, तोच फोन वाजला. बाईंच्याच अभ्यासक्रमाला असलेले टायरवाले होते. एका टायरच्या गोदामाचे व्यवस्थापक. चार वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, फक्त आवाजाची ओळख.

“ताई, पोचला का अहवाल? माझा आत्ता गेला. शेवटच्या दिवशी ते संकेतस्थळ फार रखडतंय हो, म्हणून म्हटलं आठवण करावी.”

“शेवटचा दिवस कसला? तीस तारखेला आहे ना?”

“तीस? कुणी सांगितलं? आज आहे, ताई. संध्याकाळी सहापर्यंत.”

“अहो, तिथं स्वच्छ लिहिलंय, अकरा, सव्वी–”

अकरावा महिना, सव्वीस तारीख, अमेरिकी पद्धतीने. साल नव्हेच. साल लिहिलेलंच नव्हतं. बाईंनी खोका वाचावा तशी अहवालाची तारीख वाचली होती, आणि पद्धतीप्रमाणे महिन्याचा शेवट धरून मोकळ्या झाल्या होत्या. ‘अंतिम तारीख जवळ येत आहे’ अशा आठवणी विद्यापीठाकडून आठवड्याला येत होत्या. त्या बाईंनी न उघडताच बाजूला सारल्या, कारण नोंद आधीच झालेली होती.

“ताई? आहात ना?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “ठेवते.”

घड्याळात अकरा चाळीस. नवरा जलशुद्धीकरण केंद्रात, संध्याकाळपर्यंत पाळीवर. भांडाराच्या संगणकावर बाहेरचं काही उघडत नाही. चार प्रकरणं घरी आणि पाचवं इथे टेबलाच्या खणात, हाताने लिहिलेलं, अकरा पानं. बाईंनी त्या पानांचे पटापट फोटो काढून घरी पाठवले आणि फोन लावला.

“आई, जरा संगणकाशी बसता का?”

“का गं? आवाज का असा?”

“अहवाल आजच द्यायचाय. सहाच्या आत.”

“तीस तारीख म्हणाली होतीस.”

“चुकलं माझं.”

“तू? तारीख चुकलीस?”

“हो.”

“बरं झालं. माणूस आहेस म्हणायची,” सासूबाई म्हणाल्या. “थांब, चष्मा घेते. फोटो बघितले मी. हे अक्षर आहे की मुंग्या शाईतून चालत गेल्या? यातली मला एक ओळ लागणार नाही. तू बोल, मी टंकते.”

“आत्ता नाही जमणार. तपासनीस समोर आहेत. एक वाजता सुट्टी झाली की बोलते.”

“एकला तर एकला. तोवर आधीच्या चार प्रकरणांचं शुद्धलेखन बघते. आणि हे बघ, रडू नकोस.”

“रडत नाहीये मी, आई.”

“मग नाक का ओढतेस?”

पुढचा सव्वा तास बाईंनी मोजलं काय आणि लिहिलं काय, त्यांचं त्यांना कळलं नाही. आकडे बरोबर येत होते ते हाताच्या सवयीने. एकच्या ठोक्याला त्या खोक्यांच्या दोन रांगांमधल्या बोळात शिरल्या, वही मांडीवर घेतली आणि फोन कानाशी धरला. डबा तसाच राहिला.

“प्रकरण पाचवं. निष्कर्ष आणि शिफारशी. लिहा, आई. मुदत संपून वाया जाणाऱ्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषधे ही मागणी नोंदवताना झालेल्या अंदाजाच्या चुकीमुळे, तर उर्वरित औषधे ही मांडणीतील–”

“अगं श्वास घे! वकीलसुद्धा इतकं लांब वाक्य बोलत नसत. ‘चुकीमुळे’नंतर पूर्णविराम देऊ?”

“द्या.”

“‘उर्वरित’ कशाला? ‘बाकीची’ लिहिते.”

“आई, तसंच लिहा. परीक्षकांना असंच लागतं.”

“बरं, उर्वरित. पुढे.”

फोनमधून कळांचा आवाज येत होता, पावसाच्या सरीसारखा सलग. मध्ये थांबला की बाईंचा जीव टांगणीला लागे. “का थांबलात?” “डोळ्याला खाज आली, बाई. खाजवूही नको?” चाळीस मिनिटांत साडेसहा पानं झाली. बोळाच्या तोंडाशी हमालदादा आपला डबा खात पाठ करून बसले होते. कुणी आलंच तर आधी त्यांना ओलांडावं लागलं असतं. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुपारच्या चहाला पंधरा मिनिटं मिळाली. त्यात तीन पानं. उरलेलं दीड पान बाईंनी पाऊण तासाने, भिंगसाहेब आपल्या वरिष्ठांशी फोनवर बोलत होते तेवढ्यात, भिंतीकडे तोंड करून सांगितलं. चार पस्तीसला सासूबाई म्हणाल्या, “झालं. आता सगळी प्रकरणं एकाला एक जोडते, मुखपृष्ठ लावते आणि पाठवते. अर्धा तास.”

“पासवर्ड त्या निळ्या वहीत, पहिल्या पानावर.”

“दिसला. जा तू, तुझे खोके मोज.”

बाईंनी भिंतीला पाठ टेकली. अकरा चाळीसपासून प्रथमच पोटभर श्वास आला.

“शीतखोली घेऊ,” मागून भिंगसाहेब म्हणाले. “संध्याकाळच्या इंजेक्शनांना ती मोकळी करायला हवी.”

शीतखोली म्हणजे भांडाराच्या पोटातली जाड भिंतींची खोली. लशी आणि नाजूक औषधं तिथे असतात. बेचाळीस खण. हमालदादांनी खोका उतरवायचा, बाईंनी मोजायचा, साहेबांनी लिहायचं. दार आतून ओढून घेतलं की बाहेरचा आवाज आत येत नाही. तिघांनी जाड कोट चढवले आणि मोजणी सुरू झाली.

एकविसाव्या खणाशी बाईंनी सहज खिशाला हात लावला. फोन बाहेर काढला आणि बघतच राहिल्या. शीतखोलीत फोनला रेंज नसते. रोज येऊन-जाऊन ठाऊक असलेली गोष्ट. पण आता तिच्यामागून दुसरी गोष्ट आठवली. अहवाल पाठवताना विद्यापीठ ओटीपी मागतं. सहा आकडे. ते येतात बाईंच्या फोनवर. आजवर प्रत्येक वेळी त्या स्वतः पाठवत, फोन हाताशी असे, म्हणून ते पाठवण्याचाच भाग वाटायचं. सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं.

“बाई, एकवीस?” साहेबांनी विचारलं.

“अं? एकशे अठरा.”

बावीस. तेवीस. घड्याळात पाच वीस. अजून एकोणीस खण, खणाला दोन मिनिटं धरली तरी पाच अठ्ठावन्न. बाईंनी वेग वाढवला. साहेब पेन्सिल थांबवून म्हणाले, “सावकाश. घाईत चुका होतात.” तिसावा. एकतिसावा. पाच सदतीस.

एकोणीस वर्षांत बाईंनी मोजणी मध्येच सोडली नव्हती. मोजणीत सवलत मागणाऱ्यांची त्यांनी स्वतःच खरडपट्टी काढली होती. आणि ज्या माणसाला सकाळी ‘एकोणीस वर्षं हेच करतेय’ असं मोठ्या तोऱ्यात ऐकवलं, त्यालाच आता काय सांगायचं?

“साहेब,” त्या म्हणाल्या. “मला बाहेर जायला हवं. माझी मुदत आज संपतेय.”

“कसली?”

“अहवालाची. विद्यापीठाची. तारीख होती अकरा-सव्वीस. मी ती महिना आणि साल अशी वाचली. ती महिना आणि तारीख होती.” बाईंनी हातातला खोका खाली ठेवला. “तीस तारीख धरून बसले.”

साहेबांनी भिंग उचलून बाईंकडे पाहिलं, चेहऱ्यावर आणखी काही छापलंय का ते बघावं तसं.

“किल्लीवालं माणूस शीतखोलीतून मध्येच बाहेर गेलं तर इथली झालेली मोजणी रद्द, हे माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“एकतीस खण पुन्हा मोजावे लागतील. एकपासून.”

बाईंनी हमालदादांकडे पाहिलं. एकतीस खण म्हणजे शंभरावर खोके, आणि ते उतरवायचे त्यांच्या पाठीने.

“जा की, बाई,” हमालदादा म्हणाले. “थंडीत माल टिकतो म्हणतात. माझीही मुदत वाढेल जरा.”

साहेबांनी कागदावर आडवी रेघ ओढली. “रद्द. वेळ, पाच एकोणचाळीस. या जाऊन.”

दाराबाहेर पाऊल पडताच फोन थरथरायला लागला. न उचललेले नऊ फोन. सगळे घरचे. बाईंनी चालता चालताच लावला.

“कुठे होतीस गं!” सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढलेला होता. “ते कसले सहा आकडे मागतंय! दोनदा मागवले, दोनदा वेळ संपली. आता लिहून आलंय की तीनदाच मिळतात.”

“तिसरा मागवलात?”

“नाही. तू सापडल्याशिवाय कसा मागवू? पक्षकार हजर नसताना शिक्का मारायची सवय नाही मला. हात मांडीखाली घेऊन बसलेय वीस मिनिटं.”

“मागवा आता, आई.”

“मागवला.”

बाई दिव्याखाली उभ्या होत्या. फोन कानापासून दूर, डोळे पडद्यावर. एक मिनिट. दोन. चार. घड्याळात पाच शेहेचाळीस. मग पडदा उजळला.

“आला! चार, शून्य, नऊ–”

“चार, शून्य, नऊ,” पलीकडून कोर्टातल्यासारखं परत म्हटलं गेलं.

“नऊ, एक, सात.”

“नऊ, एक, सात. दाबलं.”

“काय म्हणतंय?”

“फिरतंय.”

“अजून?”

“अगं, फिरतंयच ते. मी काय हाताने थांबवू?”

पाच एक्कावन्न. पाच त्रेपन्न. बाईंनी कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं. कोट शीतखोलीचा होता आणि घाम खरा होता. पाच छप्पन्नला त्यांनी डोळे मिटले. ज्यांच्यासाठी चार वर्षं रविवार दिले ते सोळा विषय एका फिरणाऱ्या गोल खुणेवर उभे होते.

“थांबलं,” सासूबाई म्हणाल्या.

“थांबलं म्हणजे? अडकलं?”

“वाचू दे तरी! ‘आपला प्रकल्प अहवाल प्राप्त झाला. वेळ, पाच वाजून सत्तावन्न मिनिटे.’ खाली पोचपावतीचा क्रमांक. लिहून घेतेस?”

बाई जवळच्या रिकाम्या खोक्यावर बसल्या. खोका दबून वाकडा झाला.

“ऐकलंस का?”

“ऐकलं, आई. तुम्हीच ठेवा लिहून.”

मग त्या उठल्या, चेहरा पुसला आणि शीतखोलीचं दार ओढलं. आत दोघं हातावर हात चोळत उभे होते. बाईंनी पहिल्या खणाला हात घातला. “एक.”

बेचाळीस खण सव्वासातला संपले. पहिल्या एकतीस खणांचा आकडा आधीच्या मोजणीशी तंतोतंत जुळला. साहेबांनी सही केली, कोट खुंटीला लावला आणि निघता निघता विचारलं, “विषय काय होता अहवालाचा?”

“मुदत संपून वाया जाणारी औषधं. कारणं आणि उपाय.”

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, आणि मग त्यांच्या तोंडून एक विचित्र, बारीक आवाज निघाला. शिडी आवरणारे हमालदादा जागीच थबकले. भिंगसाहेब हसत होते. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी चारही मजल्यांवर पोचली, पण कुणाचा विश्वास बसला नाही.

घरी सासूबाई बोटांना मलम चोळत बसल्या होत्या. “पाचव्या प्रकरणात ‘मुदत’ हा शब्द चौसष्ट वेळा आलाय,” त्या म्हणाल्या. “मोजला मी. आणि तो सोळा विषयांचा नियम तिथे बारीक अक्षरात होता, तोही वाचला. सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला काळजी नको म्हणून.”

“मग आज दिलीस ती काय होती?”

बाईंनी संगणकावर पाठवलेला अहवाल उघडला. शुद्धलेखन स्वच्छ, समास सारखे. शेवटच्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक ओळ होती जी त्यांनी सांगितलेली नव्हती : ‘टंकलेखन – सासू. तोंडी सांगितल्याप्रमाणे, बरहुकूम.’

“आई, हे काय?”

“सवय. टंकणाऱ्याची खूण नसली तर कागद कोण खरा मानणार?” सासूबाईंनी मलमाचं झाकण लावलं. “तोंडी परीक्षेची तारीखही आलीय बघ त्या पोचपावतीत.”

बाई स्वयंपाकघरात गेल्या, कपाटाचं दार उघडलं आणि लाल चिठ्ठी काढून टाकली. तिच्या जागी पिवळी लावली, आणि तिच्यावर सावकाश, अक्षरी लिहिलं : ‘तोंडी परीक्षा – डिसेंबर महिना, अठरा तारीख, शुक्रवार, सकाळी अकरा वाजता.’

मागे येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाईंनी ती दोनदा वाचली.

“साल राहिलं,” त्या म्हणाल्या.